चकचककाकूंचं नुकसान

चकचककाकूंनी आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतल्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. पाहुण्याने दारात चपला काढल्या की या त्या उचलून सरळ लावणार. अशा बाईच्या दिवाणखान्याचं छत कोसळावं म्हणजे काय म्हणावं!

वरच्या बिऱ्हाडातला पाण्याचा पाइप फुटला आणि ओल्या प्लॅस्टरचा भलामोठा पोपडा थेट सोफ्यावर आला. नशिबाने घराचा विमा होता. छत नव्याने करणं नवराबायकोच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. दावा नामंजूर झाला तर छत्री उघडून टीव्ही बघायची वेळ. काकांनी कंपनीला फोन केला. तिकडून बजावलं, "उद्या सर्व्हेअर येईल, तोवर काहीही हलवू नका."

हे सांगायचं कुणाला, तर चकचककाकूंना!

सकाळी काका दूध आणायला गेले आणि काकूंचे हात शिवशिवायला लागले. परका माणूस येऊन हे असलं घर बघणार? त्यांनी आधी नुसता चुरा उचलला. मग चुऱ्याखालची फरशी डोळ्यांत खुपली. मग भिजक्या गाद्या, फुगलेली पुस्तकं, प्लॅस्टरची ढेकळं, सगळं आतल्या खोलीत कोंबून त्यांनी दाराला कडी घातली. एवढ्यावर थांबतील तर त्या काकू कसल्या! स्टुलावर चढून त्यांनी छताच्या भोकाच्या कडाही सुरीने तासून छान गोल केल्या.

काका परत आले आणि दुधाच्या पिशवीसकट मटकन खाली बसले.

"अगं, काय केलंस हे?"

"आवरलं!"

तेवढ्यात बेल वाजली. सर्व्हेअर आत आला आणि इकडेतिकडे बघत राहिला. "वा! काय छान ठेवलंय घर! बरं, नुकसान कुठंय?"

"तसं फार काही नाही हो," काकू लाजून म्हणाल्या. काकांनी कपाळावर हात मारला आणि वर बोट दाखवलं.

"हे? हे तर दिवा बसवायला पाडल्यासारखं दिसतंय. पडलेला माल कुठंय?"

काका आतल्या खोलीकडे निघाले. काकू दारात आडव्या. "तिथं नाही हं! अजिबात नाही!"

"काकू, दिसल्याशिवाय मी काही लिहू शकत नाही."

काकूंनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे, आणि डोळे मिटून कडी काढली. आतलं सगळं धाडकन बाहेर आलं. सर्व्हेअर खाली, त्याच्यावर गादी, गादीवर ढेकळं. पांढऱ्याफटक तोंडाने तो खूश होऊन ओरडला, "भरपूर आहे की हो!"

त्याने फोटो काढले आणि मोठ्याने वाचत लिहायला घेतलं, "घरात प्रचंड पसारा. सर्वत्र घाण."

छत पडलं तेव्हा काकूंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता आलं. "तेवढं वाक्य काढा ना."

"त्यावरच तर दावा मंजूर होईल, काकू."

काकूंनी पदराने सर्व्हेअरच्या खांद्यावरचा चुरा झटकला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. शेवटी म्हणाल्या, "बरं, राहू द्या. पण पुढे एक ओळ लिहा. एरवी हे घर असं नसतं."

सर्व्हेअर पेन थांबवून घुटमळला. मघापासून धुमसणारे काका पुढे झाले.

"लिहा हो," ते म्हणाले, "आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही घ्या."