खिचडीत एक चमचा तेल

अंगणवाडीच्या नोकरीत रोज काहीतरी सांडतं. खिचडी सांडते, पाणी सांडतं, नाहीतर साहेबांसमोर एखादी बाई भलतंच बोलून जाते. त्या दिवशी आपण चिडतो, दहा वर्षांनी तेच आठवून हसतो. माझ्याकडे असे किस्से इतके साठलेत की मैत्रिणी चहाला बोलावतात त्या माझ्यासाठी नाही, किश्शांसाठी! आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे तेलाचे आहेत.

तेलाचे का, ते सांगते. मी मूळची मुदखेडची. मुख्यसेविका म्हणून, म्हणजे गावोगावच्या अंगणवाड्या तपासत फिरायला, पहिली नेमणूक मिळाली ती जळकोटकडच्या गावांवर. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. ऑफिसांच्या पाट्यांचा रंगसुद्धा वाळला नव्हता, आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. बाया खडी फोडायच्या कामावर, लेकरं आमच्याकडे. कोरडी भाकरी आणि पाण्यासारखं वरण, एवढंच त्यांच्या पोटात जायचं. हातापायाच्या काड्या झालेल्या. लहान लेकराचं पोट ते केवढं. त्यात कोरडं कितीही कोंबलं तरी अंगाला ताकद पुरत नाही. म्हणून आमचा एकच मंत्र होता: प्रत्येक ताटलीत एक चमचा तेल.

मंत्र सोपा होता. माणसं सोपी नव्हती!

* * *

हे आयांना पटवायला आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. तरुण, पुण्याकडचे, बोलणं एकदम पुस्तकी. ओट्यावर बाया बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, "बालकांच्या वाढीसाठी आहारात चरबी अत्यंत आवश्यक आहे."

त्या गावात निम्मी घरं लिंगायतांची. शेवटी एक बाई पदर सावरत उभी राहिली. "साहेब, आमच्यात चालत न्हाई."

"काय चालत नाही?"

"चरबी! आमच्या घरात अंडंसुदिक येत न्हाई, आन् तुमी लेकराला चरबी चारा म्हनलालाव?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "अहो, तशी चरबी नाही. स्निग्ध पदार्थ! स्निग्ध!"

हे तर कुणालाच कळलं नाही. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या गंगाबाईंनी तोंड उघडलं. गंगाबाई आमच्या मदतनीस, खिचडी त्यांच्याच हातची. "तेल-तूप म्हनलालेत गं ते!" त्यांनी बायांना सांगितलं, मग डॉक्टरांकडे वळल्या. "दोन शब्दांचं काम होतं, डाक्टरसाब. तुमी खामखा कुठून कुठं गेलाव!"

त्यानंतर डॉक्टरांच्या तोंडून 'चरबी' हा शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही.

* * *

सुरुवातीला आम्ही फार अशक्त लेकरांच्या घरी तेलाची छोटी बाटली द्यायचो. पंधरा दिवसांनी वजनं केली, तर काटा जागचा हलला नाही. पण डोकी! एकेकाचं डोकं नुसतं चमकत होतं.

शकुंतला ही तिथली सेविका. गावचीच सून, शिकलेली, आवाज कधी चढायचा नाही. तिनं एका आईला विचारलं, "तेल कुठं गेलं, ताई?"

"लावलं की डोक्याला. डोकं बी अंगातच हाय न्हवं?"

शकुंतलानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, ह्याचं उत्तर ट्रेनिंगमध्ये न्हवतं सांगितलं."

* * *

दुसऱ्या एका घरी गेलो, तिथं बाटली महादेवाच्या तसबिरीपुढं ठेवलेली. समई तेवत होती. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, माशी तोंडावर बसली तरी हात उचलत नव्हती. मला राग आला. मी आवाज चढवला.

ती आई शांतपणे म्हणाली, "पाऊस पडू दे म्हनून लावलीय बाई. पाऊसच न्हाई पडला तर ही एक चमचा तेलावर किती दिस जगंल? आन् देवापुढं अंधार ठिवू का?"

तिचं काय चूक होतं? विहिरीचा तळ तर मीही पाहिला होता.

शकुंतला तिच्याशेजारी खाली बसली. पोरीला मांडीवर घेतलं. तिच्या तोंडावरची माशी हाकलली. मग म्हणाली, "ताई, देवाचं वजन भरलेलं हाय. हिचं भरू द्या. मग दोघी मिळून दिवा लावू."

ती बाई उठली. तिनं समई विझवली नाही. वात बारीक केली आणि बाटली शकुंतलाच्या हातात दिली.

त्या दिवसापासून आम्ही घरी तेल देणं बंद केलं. अंगणवाडीत, ताटलीत, डोळ्यांदेखत!

* * *

एकदा वरून साहेब तपासणीला आले. रिवाजाप्रमाणे त्यांनी खिचडीची चव घेतली आणि नाक मुरडलं. "जरा तेलकट वाटते."

गंगाबाई म्हणाल्या, "तुमच्या मापाची न्हाई ती, साहेब. लेकराच्या मापाची हाय."

साहेबांनी शेऱ्यात 'समाधानकारक' लिहिलं.

* * *

गावात शिवलिंगअप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. कपाळाला भस्माचे पट्टे, पुढं आलेलं पोट. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी तळलेलं आणि वनस्पती तूप बंद करायला सांगितलं. अप्पा तडक अंगणवाडीत आले. डॉक्टर लसी टोचायला तिथंच आले होते.

"डाक्टर, ह्या पोरास्नी तेल घाला म्हनता, आन् मला बंद? तेल एक, डाक्टर एक, मग कायदे दोन कसे?"

"तेल बंद नाही केलं अप्पा, भजी बंद केलीत. भाजीला करडईचं तेल घाला, पण मोजकं. जवसाची चटणी खा, मूठभर शेंगदाणे खा. अशा तेलाचं काळजाशी वैर नाही. ते डब्यातलं घट्ट तूप मात्र सोडा."

अप्पांनी जरा विचार केला. "चटनी-भाकरी, मूठभर शेंगदाने... म्हंजे माज्या सालगड्याचं जेवन मी जेवायचं?"

"हो अप्पा. आणि तुमच्यातलं थोडं त्याला द्यायचं."

आठ दिवस अप्पा डॉक्टरांशी बोलले नाहीत. पण जवसाची चटणी सुरू झाली, हे त्यांच्या घरातूनच कळलं!

* * *

आता शेवटचा.

काशीबाईची रुक्मी तीन वर्षांची होती. आमच्याकडे आली तेव्हा उभीसुद्धा राहत नव्हती. सात महिने खिचडी, तेल, कधी शेंगदाण्याचा कूट. सातव्या महिन्यात तिचं वजन तक्त्यावरच्या तांबड्या रेघेच्या वर गेलं. शकुंतलानं टाळ्या वाजवल्या, गंगाबाईंनी पोरीची दृष्ट काढली.

काशीबाई जेवणाच्या सुट्टीत खडीच्या कामावरून पळत आली होती. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. तिनं लेकीला वजनाच्या झोळीतून काढलं, कडेवर घेतलं आणि टांगलेल्या काट्याकडे पाहत म्हणाली, "बाई, मला बी लटकवा की एकदा."

आम्ही हसलो. तो काटा लेकरांचा, मोठ्या माणसाला कुठला पेलणार? पण ती हसली नाही.

"सात म्हैने हिचं बगलालाव. माजं कुनी बगितलंच न्हाई."

शकुंतलानं रुक्मीला गंगाबाईंकडे दिलं आणि काशीबाईचा हात धरून तिला अप्पांच्या दुकानात नेलं. मागून मी, हातात रजिस्टर. दुकानात पोती तोलायचा मोठा तराजू टांगलेला होता. काशीबाई एका पारड्यात मांडी घालून बसली, दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. अप्पांनी दुसऱ्या पारड्यात वीस-वीस किलोची दोन वजनं ठेवली. काशीबाईचं पारडं वरच राहिलं.

अप्पांनी एक वीस काढलं, त्याजागी दहा आणि पाच ठेवलं. तरी ती वरच.

अप्पांचा हात पाचाचं वजन काढायला गेला आणि थांबला. त्यांनी काशीबाईच्या मनगटांकडे पाहिलं. मग मागं वळून पोत्यात माप घातलं आणि शेंगदाणे तिच्या पदरात ओतले. एक माप. दुसरं माप. पारडं हळूहळू खाली यायला लागलं.

"अप्पा, ह्ये काय करलालाव?"

"गप बस. काट्याला पासंग हाय. बरोबर करून घ्यायलालो."

तिसऱ्या मापाला दांडी सरळ झाली. अप्पांनी ती बोटानं एकदा हलवून पाहिली, स्थिर होऊ दिली.

"पस्तीस," ते म्हणाले. "लिहा बाई."

मी पस्तीस लिहिलं.