समितीचा पेन ड्राइव्ह

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत सांस्कृतिक समिती आहे. कागदावर तिच्यात बरीच माणसं आहेत, प्रत्यक्षात ती म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या काकू. कुठल्या कार्यक्रमात कोण नाचणार, कोण बोलणार, नाश्त्याला काय असणार, सगळं त्याच ठरवतात. कार्यक्रमाची गाणी त्या एका पेन ड्राइव्हवर गोळा करतात आणि तो त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेला असतो.

मी त्यांना आवडत नाही, त्या मला आवडत नाहीत. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी लिफ्टमध्ये माझं आडनाव विचारलं. आडनावावरून नीट अंदाज लागेना म्हणून गाव विचारलं. तेवढ्यानेही भागेना तेव्हा मीच म्हटलं, "बौद्ध आहोत आम्ही, काकू." त्यावर त्या "हो का? छान, छान" म्हणाल्या. कोणी परीक्षेत पास झाल्याचं सांगितल्यावर म्हणावं तसं. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात 'तुमच्यात' हा शब्द आला तो गेलाच नाही. तुमच्यात हळदीकुंकू असतं का गं? तुमच्यात लग्नाला मुहूर्त बघतात का? मी हसून उत्तरं द्यायचे आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे ना यार. म्हातारी आहे." काकू म्हातारी वगैरे नव्हती. ठणठणीत होती.

बाबा गेल्यावर आई घाटकोपरचं घर सोडून माझ्याकडे आली. आई मूळची परभणीकडची, लग्न होऊन घाटकोपरला आली आणि तिथल्या वस्तीत गाणारी म्हणून ओळखली जायला लागली. जयंतीला आमच्या गल्लीत पेटी-ढोलकी बसली की मधोमध आई. तिचा आवाज गोड नव्हता, पण गल्लीच्या त्या टोकापर्यंत जायचा. बोरीवलीला आल्यावर ती बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची आणि गप्प असायची. गुडघे धरलेले, ओळखीचं कोणी नाही.

जानेवारीत ग्रुपवर काकूंचा मेसेज आला, सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनी नावं द्या. मी आईला सहज वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी म्हणते की एक. ते संविधानाचं. त्याच दिवसाचं हाय ना ते."

ती स्वतःहून काही मागत नाही. मी लगेच नाव कळवलं. मुलुंडला माझा मामेभाऊ कीबोर्ड वाजवतो, त्याच्याकडून गाण्याची नुसत्या संगीताची ट्रॅक करून घेतली आणि काकूंना पाठवली. तीन-चार दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं, 'अगं, पेन ड्राइव्ह लॉक झालाय. त्यात आता काही जातच नाहीये. सॉरी हं. पुढच्या वेळी नक्की.' पुढे हात जोडल्याचं चित्र.

मी तशीच उठून जिना चढून वर गेले.

दार काकूंनीच उघडलं. काका आत टीव्हीवर बातम्या बघत होते, आवाज मोठा. मी म्हटलं, "काकू, काय झालंय बघू तरी."

"तुला काय वाटलं, मी खोटं बोलते?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला पाहिजे? तोंडावर दिसतंय." त्यांनी जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, जुडग्यातून पेन ड्राइव्ह काढला आणि लावला. माझी ट्रॅक त्यावर टाकायला गेल्या, आणि खरंच पडद्यावर चौकोन आला. डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे, म्हणजे आतलं वाचता येईल, वाजवता येईल, पण नवीन काही लिहिता येणार नाही. "दिसलं?" त्या म्हणाल्या.

मला खोटं सापडायची खात्री होती, ते सापडलं नाही. मग म्हटलं, "बाकीच्यांची गाणी गेली ना यात?"

"ती आधी गेली. काल रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांचं टाकलं, तोपर्यंत चांगला होता."

"मी ट्रॅक त्याच्या आधी पाठवली होती."

"मी काय दिवसभर फोन घेऊन बसते का?"

"मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर देते मी. नवीन आणते."

"साउंडवाल्याला एकच द्यायचा असतो. दोन-दोन दिले की गोंधळ होतो. मागे झालाय."

"मग हा द्या, घरून दुरुस्त करून आणते."

"समितीची वस्तू आहे. घराबाहेर नाही देता येत."

"ठीक आहे," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. "इथेच करते."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या, माझ्या खांद्यामागे, हाताची घडी घालून. मला कॉम्प्युटरमधलं विशेष काही कळत नाही. मालाडच्या ऑफिसात बिलं चढवते, तेवढाच संबंध. पण फोनवर शोधलं तर असल्या दुखण्यांवर ढीगभर सल्ले सापडतात. आधी पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या खाचेत लावला. तेच. मग गुणधर्मांच्या खिडकीत 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण असते ती काढायला गेले, खूण नव्हतीच. मग ती काळी खिडकी उघडली, जिच्यात हुकूम टाइप करावे लागतात. पहिला हुकूम, कुठकुठल्या डिस्क जोडल्यात ते दाखव. दुसरा, यातली अमुक निवड. इथे चुकीचा आकडा पडला तर पुढचा सगळा प्रकार काकूंच्या लॅपटॉपवर होईल, हे मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, एक सेकंद वाटलं, होऊ दे.

"काय करतेस गं? काही उडणार नाही ना? नातवाचे फोटो आहेत त्यात."

"काही उडत नाही."

"नाही, तुम्ही लोक..." त्या थांबल्या.

मी टाइप करायची थांबले. "आम्ही लोक काय?"

"अगं, आजकालच्या मुली म्हणायचं होतं मला. घाईत असता."

आतून काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता. म्हणजे ऐकत होते. बाहेर मात्र आले नाहीत.

मी योग्य आकडा टाकला, फक्त-वाचण्याची खूण काढून टाक असा हुकूम दिला. पडद्यावर आलं, काम झालं. मी ट्रॅक परत टाकायला गेले आणि तोच चौकोन. राइट-प्रोटेक्टेड. दुसऱ्यांदा केलं. तेच. मागे काकू नाकातून हसल्या, बारीक. त्या म्हणाल्या, "बघ. मी आधीच सांगितलं होतं. आणि खरं सांगू का, राग मानू नकोस. सव्वीस जानेवारीला देशभक्तीची गाणी असतात. तुमची ती गाणी जरा वेगळी असतात ना. सगळ्यांना आवडतीलच असं नाही."

"आमची कसली?"

"ती, जयंतीची. मोठमोठ्याने वाजवतात ती."

मी पेन ड्राइव्ह उपसून हातात घेतला. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि त्या घरात मला रडायचं नव्हतं. म्हणून मी तो नुसता दाबत राहिले. त्याच्यावर पांढरं स्टिकर गुंडाळलेलं होतं, काकूंच्या वळणदार अक्षरात 'सां. समिती'. स्टिकरखाली, कडेला, अंगठ्याला काहीतरी टोचलं. मी नखाने स्टिकरची कड उचलली.

"ए, ते काढू नकोस! समितीचं नाव आहे त्यावर."

मी काढलं. खाली तांदळाच्या दाण्याएवढं बटण होतं, इकडे-तिकडे सरकणारं. शेजारी छापलेलं बारीकसं बंद कुलूप, आणि बटण कुलपाच्या बाजूला. आत हुकूम देऊन काय उपयोग होणार होता? बाहेरून कडी घातलेली होती. मी नखाने बटण दुसरीकडे सरकवलं, पेन ड्राइव्ह लावला, ट्रॅक टाकली. हिरवी पट्टी भरत गेली आणि ट्रॅक गेली.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मला तर असं बटण असतं हेच माहीत नव्हतं."

"स्टिकर नवीन आहे, काकू. गोंद अजून ओला आहे."

"जुनं मळलं म्हणून बदललं. चिकटवताना सरकलं असेल. तू माझ्यावर आळ घेतेस?" त्यांचा आवाज चढला. "अहो, ऐकताय का? घरात येऊन काय बोलतेय बघा ही!"

काका ऐकत होते. पण त्यांनी काहीही बघितलं नाही.

मी उठले. "आईचं गाणं यादीत घ्या."

"बघू. वेळ उरला तर."

"बघू नाही. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, ग्रुपवर लिहा, काय कारण ते पण लिहा. सव्वीस जानेवारी कशाची असते तेही लिहा खाली. पण त्या बटणाच्या मागे लपू नका."

"तोंड सांभाळून बोल."

"तुम्ही शिका मला सांभाळून बोलायला," मी म्हटलं. वाक्य धड नव्हतं, पण तेव्हा तेच सुचलं. मी जिना उतरले.

घरी सगळं सांगितल्यावर नवरा म्हणाला, "चिकटवताना सरकू शकतं. शक्य आहे." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आजही त्याचं तेच मत आहे, माझं माझं. आईने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "कशाला भांडायलीस एवढी? गाणं मला म्हणायचंय. तू त्या बाईला हरवायला गेली होतीस." मला ते लागलं. मी म्हटलं, तुझ्यासाठीच गेले होते. आई मेथी निवडत बसली.

सव्वीस तारखेला सकाळी झेंडावंदन झालं आणि खाली पार्किंगमध्ये कार्यक्रम सुरू झाला. आई पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची. पहिल्या रांगेत जागा होती, पण ती गुडघ्यांमुळे कडेला बसली. मुलांचे नाच झाले, एका गृहस्थांनी लांबलचक भाषण केलं, बक्षिसं झाली. आईचं नाव येईना. मग काकूंनी माइक घेतला. "नाश्ता तयार आहे, सगळ्यांनी घ्यायचाय. आणि शेवटी, नाश्ता घेता घेता, तळमजल्यावरच्या आजी एक गाणं म्हणणार आहेत."

आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, पुरीभाजीच्या टेबलाशी रांग लागली. आई माइकपर्यंत चालत गेली. साउंडवाल्याने ट्रॅक लावली.

आणि आई चुकली. पहिली ओळ बरी गेली, दुसरीला ती नेहमीसारखी थांबली, दम घ्यायला, शब्दावर जोर द्यायला. घाटकोपरला ती थांबली की ढोलकीवाला थांबायचा. ट्रॅक थांबली नाही. ती पुढे गेली, आई मागे राहिली, पळत गाठायला गेली तर कडवंच विसरली. रांगेत कोणीतरी हसलं. मी काकूंकडे बघितलं. त्या प्लेटा वाटत होत्या, मान खाली घालून, पण त्यांच्या तोंडावरचं हसू मला दिसत होतं.

आईने हात वर केला. "बंद कर बाबा ते," ती साउंडवाल्याला म्हणाली. "त्याला माझ्यासाठी थांबता येत नाही."

ट्रॅक बंद झाली. आईने माइकवरच एकदा घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरू केलं. नुसता आवाज. आता तो पूर्वीचा राहिलेला नाही, वर जाताना फाटतो. पण पार्किंगच्या छताला आपटून तो सगळीकडे जात होता, आणि पुरी खाताना बोलायचं तर लोकांना तिच्याहून मोठ्याने बोलावं लागत होतं. काही बोलले. बरेचसे हळूहळू गप्प झाले, आवडलं म्हणून की नाइलाज म्हणून, ते मला सांगता येणार नाही. सगळी कडवी तिने म्हटली. घाई केली नाही. टाळ्या पडल्या, फार नाही. सहाव्या मजल्यावरच्या एक बाई पुढे आल्या, त्यांनी आईला हात धरून खुर्चीत बसवलं आणि प्लेट आणून दिली.

काकूही आल्या. "छान म्हटलंत हं, आजी. या वयात."

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही पण म्हणत जा काहीतरी," ती म्हणाली. "नुसतं दुसऱ्यांचं भरून ठेवता त्या डबीत."

काकू प्लेटा गोळा करायला वळल्या. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यानंतर काकू ग्रुपवर माझ्या कुठल्याच मेसेजला उत्तर देत नाहीत. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच असलो तर दोघीही आकड्यांकडे बघतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट 'तुमच्यात' ऐकावं लागत नाही, बरं पडतं. आई मात्र त्यांच्याशी बोलते. परवा दोघी खाली बाकावर बसून गुडघ्यांच्या तेलाबद्दल बोलत होत्या. मी ऑफिसातून येत होते. आईने हात केला, मी केला नाही. सरळ वर गेले.