वरच्या डाव्या दातातली खाच

तेर गावाजवळच्या एका शेतात विहीर खोदताना निघालेला प्राचीन सांगाडा आमच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा त्याच्या कमरेच्या हाडांचा चुरा झालेला होता. म्हणजे तो बाईचा की पुरुषाचा, हे सांगणारा सर्वांत भरवशाचा पुरावाच गेला होता. मात्र वरच्या डाव्या बाजूच्या पटाशीच्या दाताला एक खाच होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या खाचेत बारीक समांतर रेघा दिसत होत्या. वर्षानुवर्षे तिथून धागा ओढला गेला असावा. मी परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला: ‘तेरची सूत कातणारी स्त्री’. तो निवडला गेला. माझी पीएचडीची जागा बरीचशी त्या सादरीकरणावर अवलंबून होती.

मार्गदर्शकांनी एकच अट घातली: आज कातणाऱ्या कुणाच्या तरी दातांशी तुलना हवी. मला ती सोपी वाटली. आमचे घर भूम तालुक्यातले, मेंढपाळांचे. काकू जन्मभर लोकर कातत आलेली. दातांचा ठसा घेण्याचे साहित्य घेऊन मी एसटीने गावी गेले.

काकूने तोंड उघडले. खाचेचा मागमूस नाही.

“काकू, धागा तुटल्यावर टोक दातात धरत नाही तुम्ही?”

“कशाला? चरख्यापाशी पाण्याची वाटी असती की. बोट बुडवायचं अन् पीळ द्यायचा.” ती हसली. “एवढी शिकलीस अन् भलत्याच तोंडात बघायलीस. तुझ्या तात्यांचं बघ. रानात कुठली आली वाटी?”

तात्या, म्हणजे माझे चुलते, दारात टकळी फिरवत उभे होते. मेंढरांमागे चालताना ते कातत असतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तरीही ‘कातणे’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बसलेली बाईच आली होती.

“तात्या, आ करा.”

“म्या काय बैल हाय व्हय, दात बघायला? बाजारात तर न्हाय नेणार?”

वरच्या डाव्या दाताला खाच होती.

“उजव्या हातात टकळी, डाव्या हातात लोकर, बगलेत काठी,” ते म्हणाले. “धागा तुटला तर तिसरा हात कुठनं आणू?”

मी ठसा घेतला. तोंड बंद ठेवावे लागल्याने तात्या डोळ्यांनीच कुरकुरत होते, आणि काकूला ती शांतता लई आवडली.

प्रयोगशाळेत दोन्ही दातांवरच्या रेघा जुळल्या. धागा खरा ठरला. स्त्रीला मात्र आधार उरला नाही. शिवाय माझ्याच वहीत पहिल्या आठवड्याची एक नोंद होती: मांडीच्या हाडामागची कड फार ठळक, बहुधा पुष्कळ चालणारी व्यक्ती. बसून कातणाऱ्या बाईच्या चित्रात ती बसेना, म्हणून सारांशातून मी ती वगळली होती.

मी शीर्षकातली ‘स्त्री’ खोडून ‘व्यक्ती’ लिहिले आणि ती नोंद परत घातली. तो मसुदा वाचून मार्गदर्शकांचा फोन आला. “बदललेला सारांश पुन्हा तपासला जाईल. निवड रद्दही होऊ शकते. पाठवू?”

“पाठवा, सर.”

उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान मी मांडीचे हाड पुन्हा मोजायला घेतले आणि तात्यांना फोन लावला. दिवसाला किती चालता?

“मोजलं न्हाय कधी,” ते म्हणाले. “मेंढरं जातील तितकं.”