बँड उघडा की बंद

लग्न होऊन डोंबिवलीला आली तेव्हा सरोजला वाटलं, आवारातल्या आंब्यापासून गच्चीपर्यंत ताणलेली तांब्याची तार कपडे वाळत घालायलाच आहे. तिने तिच्यावर ओलं लुगडं टाकलं आणि नवरा, मधुकर, शेजाऱ्यांदेखत ओरडला, "अगं, एरियल आहे ती! अक्कल आहे की नाही?"

तो राग तिने गिळला. पुढेही पुष्कळ गिळला.

मधुकरकडे हौशी रेडिओचं लायसन्स होतं. रविवारी तो यंत्रावरून परदेशातल्या हौशी मंडळींशी बोलायचा आणि बोलणं झाल्याची खूण म्हणून त्यांनी टपालाने धाडलेली कार्डं भिंतीला चिकटवायचा. पण त्याआधी बँड उघडा की बंद, म्हणजे लांबचे आवाज त्या वेळी हवेतून पोचताहेत की नाही, हे पाहावं लागे. ते काम सरोजचं. भांडी आवरून ती हेडफोन चढवायची, ओळखीची केंद्रं लावायची: लंडन, कोलंबो, पूर्व आफ्रिका. आवाज खणखणीत आला तर त्या बाजूला बँड उघडा; घरघरत, बुडत आला तर आज काही खरं नाही.

तिचा धाकटा भाऊ सुधीर नैरोबीला होता. त्याच्याकडेही असंच यंत्र. आई गेल्यापासून तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता. बोलायचं ते लायसन्सवाल्यानेच; पण ऐकायला काय हरकत होती?

"अहो, रविवारी संध्याकाळी सुधीर असतो."

"लावू की."

आणि आफ्रिका उघडी आहे म्हणून तिने सांगितलं, की हा ब्राझीलच्या मागे! "सुधीर घरचाच आहे गं, पळून जातोय का? ब्राझीलचं कार्ड अख्ख्या कल्याणात कुणाकडे नाही." तासाभरात आफ्रिकेकडचा बँड बंद व्हायचा. "गेला बघ! आता मी काय करू?"

गेल्या रविवारी तर मित्रांपुढे म्हणाला, "हिचा बँड एकाच दिशेला उघडतो, माहेरच्या!" सगळे खो खो हसले, तिनेच तळलेली भजी खात.

आज मधुकर न्हाणीघरात दाढी करत होता. सरोजने डायल फिरवली आणि थबकली. सुधीर! अगदी स्वच्छ. सिलोनच्या कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. मध्येच हसला, थेट आईसारखा, हसता हसता ठसका लागून.

"काय गं, कसा आहे बँड?" आतून हाक आली.

सरोजने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबले.

"बंद!" ती जोरात ओरडली. "साफ बंद आहे. जा, खुशाल झोपा जाऊन!"