लालीबाईचं दुसरं लग्न

वर्षा पुण्याहून नाटक बसवायचं शिकून आली. ती लोकांना कुठे उभं राहायचं ते सांगते आणि त्याला दिग्दर्शन म्हणतात, एवढं तिच्या बंजारा तांड्याला समजलं. तिच्या काकीने, लालीबाईने, लक्षात ठेवलं ते वेगळंच: छोरीची तिशी उलटली, लग्न नाही.

वर्षाला गाण्याचं नाटक करायचं होतं. बोलणं नाहीच, सगळं गाऊन. प्रयोग महागावच्या कापूस खरेदीच्या शेडमध्ये. कापसाला भाव नव्हता, शेड रिकामीच पडून होती. गोष्ट सासरी निघालेल्या मुलीची, आणि शेवटी ढावलो. म्हणजे निघताना नवरी एकेकीच्या गळ्यात पडून जे रडगाणं गाते ते.

तांड्यात ढावलो धड येत होता तो लालीबाईलाच. पण लग्न ठरलेल्या मुलीशिवाय तो कुणाला शिकवत नाहीत, आणि भाव आला की पाहू म्हणत त्या साली सगळी लग्नं पुढे ढकललेली. वर्षाने विनवलं, रुसूनही पाहिलं. ढावलोशिवाय नाटकाला शेवटच नव्हता.

प्रयोग जवळ आला तशी लालीबाई अचानक विरघळली. शिकवते म्हणाली, पण नवरी तू हो. नवरदेव मी आणते.

"काकी, मी दिग्दर्शक आहे."

"मंग? दिग्दर्शकाले गळा नसते का?"

दुसऱ्या दिवशी नवरदेव हजर. शाम, बाभुळगावचा मास्तर, इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलेला. सोबत मामा. कुठे उभं राहायचं, हे शामने एकदाही विचारलं नाही. मामाने मात्र विचारलं, नाटकाचा हा नाद लग्नानंतरही राहील का. बायका पदराआड हसल्या, आणि तालीम कसली चालली आहे ते वर्षाला कळलं.

हाकलावं तर ढावलो जातो. हो म्हणावं तर आपणच जातो. तिने मामाला चहा दिला आणि काकीजवळ जाऊन बसली.

"लग्न ठरलेलीनंच गायचा ना, काकी?"

"हाव."

"मंग तुहं तं ठरलं, होऊनबी गेलं. तुले कोण अडवून राह्यलं?"

बायका आता उघड हसत होत्या. नवरदेव म्हणून पूनमसिंगकाकाला घेऊ, असं वर्षाने सुचवलं. त्याच माणसाशी पुन्हा लग्न करायला लालीबाईने साफ नकार दिला. शाम बरा आहे म्हणाली. मामा तडक निघून गेला. शाम थांबला. त्याला म्हणे लहानपणापासून नाटकात काम करायचं होतं, कुणी घेतलंच नव्हतं.

प्रयोगात लालीबाई गायली. आवाज आधी चिरका, मग खोल. एकेकीच्या गळ्यात पडत ती पुढे सरकली, आणि समोर बसलेल्या बायकांना आपापलं निघणं आठवलं. शेवटी तिने विंगेतून वर्षाला ओढून काढलं आणि गाता गाताच विचारून घेतलं, की छोरी, तू मला असं कधी रडवशील? हे बसवलेलं नव्हतं.

मग शाम नवरीला घेऊन शेडच्या दाराकडे निघाला. पहिल्या रांगेतून पूनमसिंग उठला, पागोटं सावरलं आणि दोघांच्या मागोमाग बाहेर गेला. टाळ्या थांबेनात. नमस्काराला शाम एकटाच परतला. नवरीला मोटारसायकलवर बसवून तिचा नवरा केव्हाच तांड्याकडे निघाला होता.

लोकांना वाटलं, शेवट असाच बसवलाय. वर्षाने वाटू दिलं.