किराण्यापुरतं कार्ड

सिंगापुरातल्या आमच्या आंग मो किओ भागातल्या सुपरमार्केटने बँक काढली तेव्हा मला हसूच आलं होतं. म्हटलं, आता हे लोक भेंड्यांबरोबर कर्जही विकणार! भाजीच्या रॅकजवळ टेबल मांडून एक मुलगी बसायची, खातं उघडणाऱ्याला तांदळाची पिशवी फुकट द्यायची. मीच नवऱ्याला ओढत तिच्यापुढे नेऊन बसवला.

खातं अर्थातच त्याच्या नावावर निघालं, कारण पगार त्याचा. मी पुण्यात एका सहकारी बँकेत चांगली अधिकारी होते, पण इथे आले ती त्याच्या नोकरीमागून, त्याची बायको म्हणून मिळालेल्या राहण्याच्या पासवर. त्यामुळे मला मिळालं त्याच खात्यावरचं दुसरं कार्ड. सप्लिमेंटरी म्हणतात त्याला. या बँकेची मोठी मेख अशी, की त्यांच्याच दुकानात जितकी जास्त खरेदी कराल तितकं जास्त व्याज. आता खरेदी कोण करायचं? दूध, डाळी, फरशी पुसायचं औषध, सगळं मी उचलून आणायची. व्याज साहेबांच्या खात्यात. माझा नवरा वाईट नाही हो, पण महिनाअखेरीला ते व्याज बघून स्वतःवरच खूश व्हायचा, तेव्हा डोकं फिरायचं.

पुढे बँकेचा पसारा वाढला. घरासाठी कर्ज आलं, प्रवासाचा विमा आला, साबणाच्या पुड्यांशेजारी त्याच्या जाहिराती लागल्या. मात्र टेबल गेलं, मुलगीही गेली. तिच्या जागी एक यंत्र उभं राहिलं, मग तेही गेलं आणि उरलं फक्त फोनमधलं अ‍ॅप. तोंड दाखवायला माणूस म्हणून राहिला नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी पुण्याहून भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन ठरलं होतं. आईचं हृदय आधीच नाजूक. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला होता. भाऊ म्हणाला, सारखं तुझं नाव घेतेय, जमेल तशी ये. संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात थोड्या जागा शिल्लक होत्या. तेवढं गाठलं असतं तर पहाटेपर्यंत पुण्यात पोहोचले असते.

तिकीट काढायला गेले, तर कार्ड चालेना. पुन्हा केलं, तर ब्लॉकच झालं. नवरा नेमका टोकियोच्या विमानात, त्याचा फोन बंद. पुण्याच्या माझ्या खात्याचं कार्ड परदेशातून चालत नव्हतं. बँकेला फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवल्यावर एक बाई आली, अगदी मऊ आवाजाची. तिने सांगितलं, की या कार्डावर आजवर फक्त किराणा घेतला गेलाय, विमानाचं तिकीट त्यात बसत नाही, म्हणून संशयावरून व्यवहार थांबवलाय. मी म्हटलं, मग आता मी सांगतेय ना, सोडा. तर म्हणे मुख्य कार्डधारकाने सांगायला हवं.

"कार्डावर नाव कुणाचं आहे?" मी विचारलं.

"तुमचंच, मॅडम. पण तुम्ही सप्लिमेंटरी आहात."

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं यांचा गल्ला मी भरला, त्या बळावर यांनी बँक थाटली, आणि माझी आई तिकडे पडलेली असताना यांना मी कोण ते ठाऊक नाही! मी ओरडले, विनवण्या केल्या, शेवटी रडलेसुद्धा. ती बाई तितक्याच मऊपणे तेच तेच सांगत राहिली.

आमच्या वरच्या मजल्यावर विद्यापीठात संशोधन करणारी एक मराठी मुलगी राहते. ती लॅबमधून आल्यावर तिने बिचारीने एका शब्दाने न विचारता आपल्या कार्डावर तिकीट काढून दिलं. पण तोवर संध्याकाळचं विमान भरलं होतं. सकाळचं मिळालं. विमानतळावर बसले असताना बँकेचा निरोप आला: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आणि सोबत खाद्यतेलावर सूट. काय बोलायचं या लोकांना? निर्लज्ज मेले.

मी पोहोचले तेव्हा आईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्यातून ती निभावली, पण चेहरा पार ओढलेला होता. उशीर का झाला ते भावाने तिला सांगितलं होतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आत नेत होते ना, तेव्हा मी दाराकडे बघत होते गं."

मग जरा वेळाने, टोमणा नाही, राग नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं, "आईकडे यायला नवऱ्याची परवानगी लागते का गं तिकडे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचंच होतं.

"लागते," मी म्हटलं.