पाय पूजेला नव्हता

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही, भावाला माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय? ते विचारू नका. फक्त मधेच मला ‘जाऊ द्या हो, होतं असं’ म्हणू नका. ते शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. का, ते कळेलच.

देवगाव फाट्यावर माझं गॅरेज आहे. पंचक्रोशीत नाव आहे ते ब्रेकच्या कामामुळे. लोक म्हणतात, हा मिस्त्री पेडलवर नुसता पाय ठेवतो आणि दुखणं सांगतो. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं. माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो तो असाच — आणि मी चांगलाच चढलो होतो.

पेडल मऊ लागायची कारणं काही मोठी गूढ नाहीत. ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली तर पेडल मऊ लागतं, तीन-चारदा मारलं की कडक होतं. आणि ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरच्या आतलं रबर गेलं असेल तर? तेव्हाही तीन-चारदा मारलं की कडक होतं! बाहेर ऑइलचा थेंब दिसत नाही, डबीतलं ऑइल जिथल्या तिथं. फरक कळायला एकच उपाय — पेडल दाबून धरायचं आणि साठ मोजायचे. रबर गेलेलं असेल तर पाय हळूहळू खाली जातो. त्याला पान्हा लागत नाही की जॅक लागत नाही. पाय लागतो आणि एक मिनिट.

ते मिनिट मी दिलं नाही.

खंडेनवमी होती. त्या दिवशी आम्ही पान्हे-पकडी धुऊन-पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. गाड्यांना झेंडूचे हार घालायला दहा-बारा जण जमले होते. तेवढ्यात वंदनाताई आल्या. ग्रामसेविका. चार गावांचा कारभार, आणि जुनी गाडी स्वतः चालवत फिरायच्या. बाई गाडी चालवते म्हटलं की आमच्याकडे आजही माना वळतात.

“मिस्त्री, पेडल दाबून धरलं की खाली खाली जायलंय,” त्या म्हणाल्या. “बघा की जरा.”

ऐकलंत? दुखणं त्यांनीच ओळखलं होतं, अगदी नेमकं. आणि मला राग कशाचा आला असेल? त्याचाच. आता ही बाई मला शिकवणार! गाडीत बसलो, तीनदा पेडल मारलं, कडक झालं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “ताई, जरा हवा धरलीय, बाकी काय न्हाई. तुमचाच पाय लय नाजूक हाय. आज हत्यारं पूजेला हायत, दसरा होऊ द्या, मग बघू.” लोक हसले. त्याही कसनुसं हसल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

हत्यारं पूजेला होती, हो. पाय कुठं मांडला होता पाटावर?

दसऱ्याला त्या सासूबाईंना घेऊन वालूरला निघाल्या. वळणावर बैलं आडवी आली, पेडल तळाला गेलं, गाडी बाभळीवर आदळली. वंदनाताईंच्या हाताला लागलं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या पुन्हा कधी चालल्या नाहीत.

इथवरची चूक म्हणा हवं तर. पुढचं ऐका.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मी एकटा आत बसलो आणि पेडल दाबून धरलं. बावीस मोजेपर्यंत पाय तळाला टेकला. तासाभरात त्यांचा नवरा, दीर, गावातले चौघे आले. ब्रेक होता का नव्हता, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सगळ्यांदेखत तीनदा पेडल मारलं आणि दिराला म्हणालो, दाबून बघा. त्यानं दाबलं — कडक! दुसऱ्या क्षणाला मी त्याला खाली उतरवलं. “ब्रेक ठणठणीत हाय. घाबरल्यावर बायांचा पाय एक्सलेटरवर पडतो.” असं म्हणालो मी. ह्या तोंडानं.

वंदनाताई दाराशी उभ्या होत्या, हाताला पट्टी. सगळे बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, “मिस्त्री, खरंच माझाच पाय चुकला का?”

“जाऊ द्या हो ताई,” मी म्हणालो. “होतं असं.”

संध्याकाळी ते रबर गुपचूप बदललं आणि जुनं नाल्यात फेकलं. वंदनाताईंनी किल्ली दिराकडे दिली, ती कायमची. चार वर्षं त्यांनी अंथरुणावरच्या सासूचं सगळं काढलं, आणि सासू गेली तेव्हा मातीला आलेल्या बायका म्हणाल्या, सुनेनंच मोडलं म्हातारीला. माझी बायकोही जेवायला वाढताना तेच म्हणाली. मी भाकरी मोडली आणि खाल्ली.

त्या अजून एसटीनं ड्युटीला जातात. फाट्यावर उतरतात, माझ्या दारावरून पायी जातात, आणि — ह्याची मला सगळ्यात जास्त चीड येते — मला नमस्कार करतात.

गेल्या महिन्यात दिरानं तीच गाडी दाखवायला आणली. सोबत वंदनाताई होत्या आणि त्यांची मुलगी, यंदाच कॉलेजात गेलेली. मी आत बसून पेडल दाबून धरलं होतं. आता प्रत्येक गाडीत धरतो. मुलगी आईच्या मागे लागली होती, मला गाडी शिकायची हाय म्हणून.

“नको, बाई,” वंदनाताई म्हणाल्या. “आपल्या पायाचा भरवसा न्हाई.”

मी ऐकलं. काच खालीच होती. तोंड उघडायला मला साठ सेकंद होते, आणि मी ते मोजत बसलो. पेडल जागचं हललं नाही. उतरून दिराला म्हणालो, ब्रेक चांगला हाय.